ज्याची खावी पोळी...



गेल्या महिन्यात रविवारच्या मिस्सानंतर आपल्या धर्मग्रामातील एक तरुण मला भेटायला थांबला. तालुक्यातले टेनिस बॉल क्रिकेटचे आणि कबड्डीचे सामने तो एका स्थानिक वाहिनीसाठी चित्रित करतो आणि माईकवर समालोचनही करतो. एका अंतिम सामन्यात पंचांनी उघड चुकीचा निर्णय दिला. ज्या पुढाऱ्याच्या नावाने बक्षिसे होती, त्याच्याच संघाला त्याचा फायदा झाला. ह्याने जे दिसले ते सांगितले. रात्री फोन आला, "उद्या दाखवताना ते वाक्य काढून टाक. आणि पंचांचा निर्णय अचूक होता, असं एक वाक्य घाल."

"फादर, सोडून देऊ का?" तो म्हणाला. "मोबाईल आहे, आवाज आहे, माझं स्वतःचं चॅनल काढतो. कोणाच्या बापाचं ऐकावं लागणार नाही." घरी आई आहे, शिकणारी लहान बहीण आहे आणि थोडी कोरडवाहू जमीन. मी म्हटले, "मला आठ दिवस दे." त्या आठ दिवसांत मनात आलेले विचार आज तुमच्यासमोर ठेवतो, कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही.

आपल्याकडे म्हण आहे, ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. क्रिकेटच्या समालोचनात ही म्हण अनेकदा खरी ठरली आहे. २०१३ साली ऑस्ट्रेलियाचे माजी कर्णधार इयान चॅपेल यांना भारतातील मालिकेसाठी समालोचनाचे आमंत्रण होते. पंचांच्या निर्णयाची फेरतपासणी, संघनिवड आणि मंडळाचा कारभार ह्या विषयांवर बोलायचे नाही, अशी अट असल्याचे कळताच त्यांनी नकार दिला. मुंबईचे संजय मांजरेकर यांना मार्च २०२० मध्ये भारतीय क्रिकेट मंडळाच्या समालोचकांतून वगळण्यात आले. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी मंडळाला पत्र लिहून, आपण घालून दिलेल्या नियमांत राहून काम करू, मला परत घ्यावे, अशी विनंती केली. तेव्हा पुष्कळ लोक त्यांना हसले.

मला हसू आले नाही. चॅपेल नाही म्हणू शकले याचा मला आदर आहे. पण नाही म्हणण्याची ऐपतही प्रत्येकाकडे सारखी नसते. आपल्यापैकी किती जण सोमवारी सकाळी असे पत्र न लिहिताच मान खाली घालून कामावर जातात! शाळेत, दवाखान्यात, अडत्याच्या दुकानात, सरकारी कचेरीत. त्या सर्वांना भित्रे म्हणायचे का?

आता दुसरी बाजू पाहू. अमेरिकेत डॅन लेबटार्ड नावाचे क्रीडा निवेदक ईएसपीएन ह्या बलाढ्य वाहिनीवर होते. २०२० च्या अखेरीस वाहिनीने त्यांच्या एका सहकाऱ्याला कामावरून कमी केले. लेबटार्ड यांनी त्याला पगार वाढवून स्वतःच्या खिशातून कामावर ठेवले. जानेवारी २०२१ मध्ये त्यांनी वाहिनी सोडली आणि भागीदारीत स्वतःची कंपनी काढली. किती छान वाटते ऐकायला! परंतु त्याच वर्षी त्या कंपनीने कार्यक्रम लोकांपर्यंत पोहोचवण्यासाठी मोठा करार केला, तो ड्राफ्टकिंग्ज ह्या खेळांवर सट्टा घेणाऱ्या कंपनीशी. एक अन्नदाता गेला, दुसरा आला. आपण अमेरिकेला नावे ठेवायला नकोत. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने बंदीचा कायदा केला. तोपर्यंत आपल्या भारतीय संघाच्या जर्सीवरही अशाच एका कंपनीचे नाव होते.

आणि जाहिरात मुळीच घेतली नाही तरी एक मालक राहतोच. तो म्हणजे ऐकणारा. मार्च २०१६ मध्ये विश्वचषकातील बांगलादेशाविरुद्धच्या सामन्यानंतर अमिताभ बच्चन यांनी कोणाचे नाव न घेता लिहिले की भारतीय समालोचकाने आपल्या खेळाडूंबद्दल जास्त बोलावे. हर्षा भोगले यांनी उत्तरादाखल समजावून सांगितले की इंग्रजी समालोचन दोन्ही देशांचे लोक ऐकतात, म्हणून ते समतोल असावे लागते. पुढच्याच महिन्यात आयपीएलच्या समालोचकांतून त्यांना वगळण्यात आले. कारण त्यांना सांगितले गेले नाही, म्हणून आपणही दोन गोष्टींची गाठ मारू नये. मुद्दा इतकाच, की "आमच्याच बाजूने बोला" हा आग्रह फक्त मंडळाचा नसतो, घरात बसून पाहणाऱ्या तुमचा-माझाही असतो. ज्याचे पोट प्रेक्षकांच्या संख्येवर चालते, त्याला लाखो मालक असतात.

मग स्वतंत्र कोण?

पवित्र शास्त्रात आमोस संदेष्ट्याची गोष्ट आहे. बेथेलचा याजक अमस्या त्याला सांगतो की यहूदाला जा, तिथे आपली भाकरी मिळव, इथे बोलू नकोस. म्हणजे, संदेश देणे हा पोटाचा धंदा आहे असे तो धरूनच चालला होता. आमोस उत्तर देतो की मी पेशाने संदेष्टा नाही, गुरे राखणारा आणि उंबराची झाडे सांभाळणारा माणूस आहे. संत पौल तर करिंथमध्ये अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू शिवत असे. आपल्याला मोबदल्याचा हक्क आहे हे तो ठासून सांगतो, आणि तरी करिंथकरांकडून घेत नाही. फिलिप्पैकरांकडून मात्र मदत स्वीकारतो. घेणे वाईट नाही. कोणाचे घेतल्यावर आपली जीभ बांधली जाईल, हे त्याला कळत होते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्विनास यांचा एक भेद आम्हाला शिकवला होता, तो इथे उपयोगी पडतो. खोटे बोलणे कधीही योग्य नाही. पण प्रत्येक खरे प्रत्येक वेळी बोललेच पाहिजे, असे बंधन नाही. म्हणून वरिष्ठांचा नियम पाळून एखाद्या विषयावर गप्प राहणारा माणूस लबाड ठरत नाही. मात्र ज्या मौनामुळे दुसऱ्यावर अन्याय होतो, ते मौन निर्दोष राहत नाही. आणि "चुकीचे होते ते अचूक म्हण" असा हुकूम आला, की तिथे सीमा ओलांडली जाते. तसेच, कोणी अडवणारे नाही म्हणून जीभ सैल सोडणे हेही स्वातंत्र्य नव्हे. २०१९ मध्ये कोलकात्याच्या गुलाबी चेंडूच्या कसोटीत मांजरेकर भोगले यांना, तुम्ही क्रिकेट खेळलेले नाही, अशा अर्थाचे लागेल असे बोलले. नंतर ती आपली चूक होती, हे त्यांनी स्वतः कबूल केले. मला वाटते, ते कबूल करताना ते सर्वांत जास्त स्वतंत्र होते.

हे लिहिताना मी स्वतःकडेही पाहिले. मीही तुमचीच भाकरी खातो. प्रवचन तयार करताना सढळ हाताने देणारी एखादी व्यक्ती डोळ्यांपुढे येते आणि लेखणी एखादे वाक्य गाळते. ते वाक्य शहाणपणाने गाळले की भीतीने, हे मलाच ठाऊक असते, आणि प्रभूला. मी कोणत्याही वाहिनीचा नोकर नाही, तरी हा प्रश्न मला सुटलेला नाही.

आठ दिवसांनी तो तरुण आला. मी त्याला म्हटले, "ते खोटे वाक्य तू बोलू नकोस. त्यापायी काम गेले तर जाऊ दे, आपण मिळून काहीतरी पाहू. पण नुसता राग आला म्हणून सोडू नकोस. आणि स्वतःचे चॅनल काढलेस, तर एक परीक्षा ठेव. आपल्या गावचा संघ हरला आणि चूक आपल्याच पोरांची होती, हे आपल्याच लोकांना सांगता येईल का?"

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "फादर, ते त्या पुढाऱ्याला सांगण्यापेक्षा अवघड आहे."

त्याने फोन करून ते वाक्य घालायला नकार दिला आहे. पुढच्या स्पर्धेला त्याला बोलावतील की नाही, हे अजून कळलेले नाही. आता राहिला आपला भाग. खरे सांगणाऱ्याला एकटे पाडणारे पुष्कळदा आपणच असतो. उद्या आपल्याच संघाची चूक त्याने माईकवर सांगितली, तर त्याच्यावर ओरडू नका. आणि तो स्वतःचे काही सुरू करील, तर दोन पैशांची मदत जरूर करा; पण त्या दोन पैशांत त्याची जीभ विकत घेऊ नका.

प्रभूमध्ये आपला,
प्रमुख धर्मगुरू