प्रयोग झालाच पाहिजे का?

१२ मार्च १९११. मुंबईत किर्लोस्कर नाटक मंडळीच्या 'संगीत मानापमान'चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहानगी मुलगी गेली, आणि तरीही ते भामिनी होऊन रंगमंचावर उभे राहिले. ही गोष्ट तुम्ही लहानपणापासून ऐकली असेल. ऐकताना ऊर भरून येतो. पण तेव्हा बालगंधर्व अवघे २२ वर्षांचे होते, हे आपल्या सहसा लक्षात येत नाही.

आता आपल्याकडे, कॅलिफोर्नियातल्या डब्लिनला या. समजा, गाड्या बाहेर काढून एका घराच्या गराजमध्ये तालीम चालली आहे. प्रयोग दहा दिवसांवर आलाय. मुख्य भूमिका करणारी मैत्रीण तीन आठवडे धड झोपलेली नाही. पाठ असलेली वाक्यं विसरते, तालीम संपल्यावर गाडीत एकटीच रडते. नोकरीची धास्ती, व्हिसाची टांगणी, पुण्यात आजारी आई. पण ती कुणाला काही सांगत नाही. हॉल ठरलाय, तिकिटं विकली गेलीत, आणि बालगंधर्वांची ती गोष्ट तिनेही ऐकलेली आहे.

बालगंधर्वांचं वागणं थोर मानलं, तर तिच्याकडूनही तीच अपेक्षा ठेवायची का? मला वाटतं, नाही. आपण सांगतो त्या गोष्टीत निर्णय त्यांचा स्वतःचा आहे, म्हणूनच तो थोर वाटतो. कुणी आपणहून केला तर तो त्याग. आपण मागायला लागलो की ती वसुली होते.

तुम्ही म्हणाल, काम हेच कधीकधी औषध असतं. खरं आहे. दोन तास दुसऱ्याचं आयुष्य जगल्यावर काहींना आपल्या आयुष्यात परतायचं बळ मिळतं. म्हणून 'तुझ्या भल्यासाठी' असं म्हणत तिची भूमिका काढून घेणं हाही अन्यायच. ठरवायचं तिनेच. पण 'नाही' म्हणायची सोयच नसेल, तर तिच्या 'हो'ला अर्थ काय?

ही सोय करणं आपल्या हातात आहे. नाटक कंपनीत अनेकांचं पोट प्रयोगावर चालायचं. आपलं चालत नाही. पहिल्या तालमीपासून मोठ्या भूमिकेसाठी दुसरं कुणीतरी तयार ठेवा, आणि त्यात कुणाचा अपमान नाही हेही तेव्हाच सांगून टाका. वाक्यं विसरणाऱ्याला चारचौघांत टोकण्याआधी बाजूला घेऊन विचारा. शेवटच्या प्रयोगानंतर येणारं रितेपण अनेक नटांच्या ओळखीचं असतं. त्या आठवड्यात एक फोन करा.

अमेरिकेत व्यावसायिक कलावंतांच्या पाठीशी १८८२ साली स्थापन झालेला, आज 'एंटरटेनमेंट कम्युनिटी फंड' म्हणून ओळखला जाणारा निधी आहे. आपण हौशी; आपल्याला आधी आपलीच माणसं. मात्र मैत्रीने भागेल असं प्रत्येक दुखणं नसतं. जीव नकोसा झाल्याची भाषा कानावर आली, तर ९८८ वर फोन किंवा मेसेज करा. ही सेवा चोवीस तास चालते. भारतातल्या आप्तांसाठी टेली-मानसचा क्रमांक १४४१६ आहे.

पुढच्या वेळी प्रयोगानंतर मेकअप रूममध्ये जाल, तेव्हा 'काम छान झालं' एवढ्यावर थांबू नका. 'तू कशी आहेस?' असंही विचारा, आणि उत्तर ऐकेपर्यंत गाडीची किल्ली खिशातच असू द्या.