आलापल्लीचा आराखडा कोण करणार?

गडचिरोली जिल्ह्यातल्या आलापल्लीचा कारभार ग्रामपंचायत पाहते, पण भार एखाद्या शहराचा आहे. सिरोंचा, भामरागड, एटापल्ली आणि आष्टीकडचे रस्ते इथे एकत्र येतात. भामरागड तालुक्यातल्या माणसाला दवाखाना, कॉलेज, कोर्ट किंवा सिमेंटची गोणी, काहीही हवं असलं तरी बहुधा याच चौकातून जावं लागतं. गावाभोवती राखीव जंगल असल्याने वस्तीला पसरायला जागा नाही. म्हणून ती रस्त्याच्या कडेकडेने लांबत जाते आणि घराच्या उंबऱ्यापुढूनच अवजड वाहनं धावतात.

सुरजागडच्या खाणीतलं लोहखनिज २०२१ नंतर मोठ्या प्रमाणावर निघू लागलं, तेव्हा एटापल्ली-आलापल्ली-आष्टी मार्गावर ट्रकांची रांग लागली. रस्ते उखडले, धूळ घरात शिरली, अपघात झाले. पुढे २०२५ मध्ये खाणीजवळच्या हेडरीपासून कोनसरीच्या प्रकल्पापर्यंत सुमारे ८५ किलोमीटरची नळवाहिनी सुरू झाली आणि पाण्यात कालवलेलं खनिज नळातून जाऊ लागलं. रस्त्यावरचा भार त्याने हलका होत असेल तर चांगलंच. पण यातून एक गोष्ट कळते. खनिज कुठून निघतं, किती टन, कुठे पोचायचं, किती खर्चात, याचा हिशेब कुणीतरी आधी बसून केला होता. माणसांसाठी तसा हिशेब कुणी केलेला नाही.

घरकुलाचंच पाहू. प्रधानमंत्री आवास योजनेत दुर्गम भागासाठी १ लाख ३० हजार रुपये मिळतात. माडिया समाज विशेष असुरक्षित आदिवासी गटात मोडत असल्याने त्याला २०२३च्या जनमन योजनेतून २ लाख मिळू शकतात. रस्त्यालगतच्या गावाला आणि आत १५ किलोमीटरवरच्या पाड्याला रक्कम मात्र एकच. सिमेंट, सळई, वाळू ट्रॅक्टरने आत न्यायची म्हणजे अनुदानाचा मोठा वाटा भाड्यातच जातो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो आणि काम तिथेच थांबतं. अर्धवट भिंती दिसल्या की लाभार्थ्याला आळशी ठरवलं जातं. प्रत्यक्षात त्याचे पैसे अंतराने खाल्लेले असतात. घर आणि रस्ता यांचे विभाग वेगळे, फायली वेगळ्या, पण गरिबाच्या खिशात दोन्हींचा खर्च एकच असतो.

यावर लगेच कुडामातीच्या घराचे गोडवे गायले जातात. त्यात मला फारसा रस नाही. कुडाचं घर देखणं दिसतं ते पाहुण्याला. दर पावसाळ्याआधी लिंपणारीला आणि वाळवीशी झगडणाऱ्याला स्लॅबच हवासा वाटतो, आणि त्यात गैर काही नाही. प्रश्न पर्यायाचा आहे. अयोध्येतल्या मंदिराच्या दारांसाठी मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरच्या डेपोतून इथल्या जंगलातलं सागवान रवाना झालं. याच जंगलातल्या माणसाच्या छपराला मात्र बाहेरून पत्रे येतात. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला २०१४ पासून बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. वनहक्क कायद्याने बांबूवर ग्रामसभेचा हक्क मानला आहे. मेंढा-लेखा गावाने तो हक्क बजावूनही दाखवला. प्रक्रिया केलेला, टिकाऊ बांबू गावातच तयार झाला आणि त्याला सिमेंटच्या पायाची जोड मिळाली, तर वाहतुकीचा खर्च वाचेल आणि मजुरीही गावात राहील. पण त्यासाठी घरकुलाच्या मंजुरीत तशा बांधकामाला जागा असावी लागेल.

प्रवासाचंही असंच आहे. राज्यात १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना एसटीत अर्धं तिकीट आहे. पण गाडीच येत नसेल तर अर्धं कशाचं? १ जानेवारी २०२५ ला अहेरीहून दुर्गम गर्देवाड्याला एसटी सुरू झाली, तेव्हा तिची बातमी राज्यभर झाली. स्वातंत्र्यानंतर इतक्या वर्षांनी आलेली बस ही आनंदाची बातमी आहेच. तितकीच ती व्यवस्थेवरची टीकाही आहे. शाश्वत वाहतूक म्हणजे विजेवरच्या बसच असं शहरांत मानलं जातं. इथे तिचा अर्थ साधा आहे: आठवडी बाजाराच्या दिवशी वेळेवर येणारी, अंधाराआधी परत सोडणारी आणि आजाऱ्याला दवाखान्यात पोचवणारी गाडी.

पैशाचं कारण पुढे करता येणार नाही. खाणबाधित भागासाठी २०१५ च्या कायदादुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापण्याची तरतूद केली आहे. या प्रतिष्ठानच्या निधीतून आलापल्ली आणि भोवतालच्या ग्रामसभांचा एकत्र आराखडा करता येईल. वस्ती कुठे वाढेल, ट्रक कुठून जातील, बांबू कुठे तयार होईल, बस कोणत्या वारी कुठे थांबेल, हे सगळं एकाच नकाशावर यायला हवं. आदिवासी भागांसाठीच्या पेसा कायद्याने ग्रामसभेला दिलेला अधिकार विकासकामांची नुसती यादी मंजूर करण्यापुरता नाही. आराखड्याची पहिली रेषा तिनेच ओढली पाहिजे. खाणीचं आयुष्य कधीतरी संपेल, गावाला मात्र इथेच राहायचं आहे. म्हणून नियोजनाचा पहिला हक्क खनिजाचा असू शकत नाही.