रिकाम्या केबलची वीज

पर्यावरण दिन जवळ आला की मोबाइलवर एक संदेश हमखास फिरतो: जुने ईमेल पुसा, व्हिडिओ कमी बघा, पृथ्वी वाचवा. त्यामागची तळमळ मला मान्य आहे, हिशेब मान्य नाही. २०१९ मध्ये फ्रान्समधल्या ‘द शिफ्ट प्रोजेक्ट’ या संस्थेच्या हवाल्याने अर्ध्या तासाच्या व्हिडिओमागे १.६ किलो कार्बन डायऑक्साइड, असा आकडा जगभर छापून आला. बिट आणि बाइट यांत गल्लत झाली होती, हे पुढे संस्थेनेच कबूल केलं. आकडा आठपट फुगला होता. पण त्या गल्लतीपेक्षा तिच्यामागचं गृहीतक जास्त नुकसान करतं. जितका डेटा तितकी वीज, असं ते गृहीतक. नेटवर्क तसं चालतच नाही.

ऑफिसातला ४८ पोर्टांचा स्विच घ्या. रात्री दोन वाजता तिथे चिटपाखरू नसतं. तरीही चालू ठेवलेल्या संगणकाच्या केबलमधून दोन्ही टोकांची यंत्रं एकमेकांना सतत ‘रिकामी’ चिन्हं पाठवत राहतात, कारण त्यांची घड्याळं जुळलेली राहायला हवीत. माहिती शून्य, वीज मात्र जवळपास तेवढीच. मारुती गुप्ता आणि सुरेश सिंग यांनी २००३ मध्येच प्रश्न विचारला होता: ही यंत्रं मधल्या वेळेत झोपवता का येऊ नयेत? त्याचं उत्तर इथरनेटच्या मानकात यायला २०१० साल उजाडलं. ८०२.३एझेड या मानकाने रिकाम्या केबलला डुलकी घेण्याची मुभा दिली.

या डुलकीचा हिशेब बारकाईने पाहण्यासारखा आहे. गिगाबिट केबलला जागं व्हायला सुमारे १६.५ मायक्रोसेकंद लागतात. १५०० बाइटचं एक भरलेलं पॅकेट त्याच केबलवरून जायला लागतात १२. म्हणजे पॅकेटं एकेक करून सुटी सुटी आली, तर पाठवण्यापेक्षा उठण्यातच जास्त वेळ जातो आणि झोपेचा फायदा उरत नाही. त्यावरचा उपाय आपल्याकडच्या वडापवाल्यांना ठाऊक आहे: चार प्रवासी जमेपर्यंत थांबायचं, मग एकदम निघायचं. पॅकेटं क्षणभर अडवून एकगठ्ठा सोडली की केबलला सलग झोप मिळते. वापरणाऱ्याला तो उशीर जाणवतही नाही.

असं असूनही अनेक ठिकाणी नेटवर्क सांभाळणारे ही सोय सरळ बंद करून ठेवतात. उगाच जोखीम नको म्हणून. मी त्यांना दोष देत नाही. नेटवर्क पाच मिनिटं बंद पडलं तर त्यांना जाब विचारला जातो. ते रात्रभर विनाकारण जागं राहिलं तर कोणी विचारत नाही. माझ्या मते सगळ्या प्रश्नाचं मूळ इथे आहे. वेग, क्षमता, अखंडता या तीन गोष्टी मोजून नेटवर्कचं नियोजन होतं. वीज मोजली जाते ती इमारतीच्या मीटरवर, महिन्याच्या शेवटी.

सर्व्हरची गत निराळी नाही. गूगलच्या लुइस बारोसो आणि उर्स होल्झ्ले यांनी २००७ मध्ये दाखवलं की बहुतेक सर्व्हर आपल्या क्षमतेच्या १० ते ५० टक्क्यांवरच चालतात, आणि जवळजवळ रिकामा असलेला सर्व्हरही कमाल विजेच्या निम्मी वीज खातो. मोबाइल टॉवरचंही तेच. ४जीचा टॉवर आसपास एकही फोन नसला तरी दर मिलिसेकंदाला संकेत सोडत राहतो. ५जीच्या रचनेत हे अंतर २० मिलिसेकंद ठेवलं आहे आणि ते १६० पर्यंत वाढवता येतं. मधल्या वेळेत यंत्र झोपू शकतं, अर्थात कंपनीने झोपू दिलं तर.

किती वीज याच्या जोडीला केव्हाची वीज, हाही प्रश्न आहे. भारतात एका युनिटमागे सरासरी ७०० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, पण ती झाली सरासरी. दुपारी सौरवीज भरपूर असते. सूर्य मावळला की मागणी चढते, कोयनेचे संच लागतात, कोळशाचे संच जोर धरतात. ही कसरत सांभाळणारं राज्य भार प्रेषण केंद्र ठाणे-बेलापूर रस्त्यावर ऐरोलीला आहे. त्याच पट्ट्यात, ऐरोली, रबाळे, महापे इथे देशातली मोठमोठी डेटा सेंटर उभी आहेत. एका इमारतीत विजेचं तासातासाचं नियोजन, शेजारच्या इमारतीत डेटाचं. दुसऱ्या नियोजनाने पहिल्याकडे पाहिलं, तर कितीतरी कामं दुपारी सरकवता येतील. गूगल आपली तातडीची नसलेली कामं २०२० पासून अशी हलवत आलं आहे.

महाराष्ट्राला भार हलवणं नवं नाही. कृषिपंपांना काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री वीज, हे वेळापत्रक शेतकऱ्याने वर्षानुवर्षं पाळलं. साप आणि बिबट्याच्या भीतीत, बॅटरीच्या उजेडात त्याने उसाला पाणी दिलं, कारण ग्रिडला ते सोयीचं होतं. २०१७ च्या सौर कृषी वाहिनी योजनेनंतर हे हळूहळू बदलत आहे. मला खटकतं ते हे, की ज्याला वेळ बदलणं सर्वांत जड होतं त्याच्यावर आपण ती सक्ती केली, आणि डेटा सेंटरमधल्या ज्या बॅकअपला पहाट-दुपार सारखीच, त्याला कधी विचारलंही नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. दुपारी कामं सरकवून नेटवर्कवर गर्दी झाली आणि त्यापायी नवी यंत्रं घ्यावी लागली, तर ती बनवतानाचा कार्बन बचत गिळून टाकेल. म्हणून सरकवायचं ते असलेल्या क्षमतेतच. दुसरा आक्षेप, वाचलेली वीज नव्या सर्व्हरांत जाईल, हाही खरा आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातल्या डेटा सेंटरनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली. हा आकडा वाढतच जाणार, आणि नुसत्या कार्यक्षमतेने तो रोखला जाणार नाही. तिथे नियमच लागतील.

ते नियम फार अवघडही नाहीत. सरकारी कार्यालयं, विद्यापीठं, सहकारी बँका निविदा काढून स्विच घेतात. त्या निविदेत पुरवठादाराकडून तीन आकडे लेखी मागावेत: रिकामं असताना किती वॅट, तिसरा हिस्सा भार असताना किती, पूर्ण भारावर किती. पहिला आणि तिसरा जवळजवळ सारखा असेल, तर ते यंत्र नाकारावं. आणि ज्या डेटा सेंटरला विजेत सरकारी सवलत हवी असेल, त्याने आपला तासागणिक वापर जाहीर करावा आणि थांबू शकणारी कामं संध्याकाळच्या कमाल मागणीच्या वेळी चालवू नयेत, ही अट सरकारला आजही घालता येईल.