तारेतली बोटे

चाकणच्या एका कारखान्यातील प्रेसने माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांची दोन बोटे नेली. पोराने भंगारातली तार वाकवून वडील घडविले. त्या हाताला बोटे मात्र पाच. "खरे तेच कर," मी मास्तरकीच्या सवयीने म्हणालो. त्याने निमूट पक्कड उचलली.

रात्री झोप येईना. यंत्रविद्या शिकलेल्या काल्डरने १९२६ साली पॅरिसात जोसेफिन बेकर ही नर्तकी तारेत उभी केली. अंग म्हणून नुसती रेषा; उरलेले पाहणाऱ्याने भरायचे. ते खोटे नव्हे, मग पोराने बापाचा हात भरला तर ते खोटे कसे? पण पाच बोटे दाखविली की प्रेसचा गुन्हा झाकतो, हेही खरेच.

मूर्ती वर्गाच्या कपाटात आहे. एक बोट तोडलेले. दुसरे त्याने तोडले नाही, मीही पुन्हा सांगितले नाही.