कूस बदलण्याचा खर्च

एडविन स्मिथ या अमेरिकी माणसाने १८६२ साली इजिप्तमध्ये लक्सरला पपायरसची एक गुंडाळी विकत घेतली. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी उतरवून घेतलेल्या त्या शल्यशास्त्राच्या पोथीत मानेचा मणका सरकलेल्या एका माणसाची नोंद आहे. हातापायांची जाणीव गेलेली, लघवी नकळत ठिबकणारी. इतकं नेमकं पाहणारा वैद्य पुढे एवढंच सांगतो, की हा आजार उपचार करण्यातला नाही. त्याला मी निर्दय म्हणणार नाही. आपल्या विद्येची हद्द त्याने प्रामाणिकपणे आखली होती. आपल्या विद्येने ती हद्द केव्हाच ओलांडली. तरीही मणक्याला मार लागून कमरेखालचं अंग गेलेला माणूस टाके काढून घरी पाठवला जातो, तेव्हा डिस्चार्ज कार्डावर न लिहिलेला निकाल बहुतेकदा तोच असतो.

ही हद्द ओलांडली गेली १९४४ साली, इंग्लंडात स्टोक मँडव्हिलच्या रुग्णालयात. नाझी जर्मनीतून परागंदा झालेल्या डॉ. लुडविग गुटमन यांच्याकडे ब्रिटिश सरकारने मणक्याला जखम झालेले सैनिक सोपवले. तोवर असे जखमी बहुधा काही आठवड्यांत, फार तर महिन्यांत दगावत. त्यांचा जीव घेत ते पाठीवर चिघळणारे व्रण आणि मूत्रपिंडापर्यंत चढणारा जंतुसंसर्ग. गुटमन यांनी तुटलेला मज्जारज्जू जोडला नाही. तो आजही जोडता येत नाही. त्यांनी दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, प्रत्येकाची कूस बदलायला लावली, मूत्राशयाची निगा राखली, माणसांना कामाला आणि खेळाला लावलं. त्या खेळांतूनच पुढे पॅरालिम्पिक उभं राहिलं. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक जिंकणारे सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर हे १९६५च्या युद्धात गोळ्या झेललेले जवान. पुण्याजवळ खडकीला जायबंदी जवानांसाठी पुनर्वसन केंद्रही आहे. जवानाच्या बाबतीत जे आपल्याला पटलं, ते परांचीवरून कोसळलेल्या गवंड्याच्या, आंब्यावरून पडलेल्या गड्याच्या, थरावरून खाली आलेल्या गोविंदाच्या बाबतीत का पटू नये?

या दुखण्यात सगळं कशावर ठरतं ते पाहा. माकडहाडाजवळ कातडीवर रुपयाएवढा लालसर डाग उठतो. बोटाने दाबला तरी पांढरा पडत नाही. ज्याच्या अंगावर तो उठला त्याला काही कळत नाही, कारण तिथली वेदना वर पोचतच नाही. वेळीच दिसला आणि तिथला भार हलवला, तर तो काही दिवसांत विरतो. नाही दिसला, तर हाडापर्यंत जातो; मग महिनोन्महिने ड्रेसिंग, ताप, आणि कधी मृत्यू. तो डाग रोज आरशात कसा शोधायचा, खुर्चीत बसल्या बसल्या दोन्ही हातांवर अंग केव्हा उचलायचं, लघवीची नळी ठरल्या वेळी स्वतः कशी घालायची, हे शिकायला आणि अंगवळणी पडायला आठवडे, महिने लागतात. शिकवायला परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, व्यवसायोपचारतज्ज्ञ लागतात.

आपल्या सरकारी आरोग्य योजनांचा हिशेब मात्र मुख्यतः पॅकेजचा आहे. शस्त्रक्रियेला तारीख असते, बिल असतं. रात्री दोनला कूस बदलण्याचं बिल कुठल्या तक्त्यात बसवणार? मग ते काम घरातली बाई करते, झोप मोडून, बहुधा स्वतःची मजुरी बुडवून, आणि राज्याच्या जमाखर्चात तो खर्च शून्य दिसतो. शून्य दिसतो म्हणूनच तो परवडतो, असं माझं स्पष्ट मत आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं २७वं कलम पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर आणि स्थानिक संस्थांवर टाकतं. पण 'आर्थिक कुवतीनुसार' ही सवलतही त्यातच देऊन ठेवतं. मणक्याच्या शस्त्रक्रियेला जी कुवत पुरते, ती तिच्यामागून येणाऱ्या महिन्यांना पुरत नाही, हे मला मान्य नाही. निगेअभावी तोच माणूस चिघळलेला व्रण घेऊन पुन्हा भरती होतो, तेव्हा सरकार पैसा खर्च करतंच.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मणक्याच्या दुखापतीसाठी पुनर्वसनाचा वेगळा कक्ष हवा आणि गरज असेल तितके महिने तिथे राहण्याची सोय हवी. घरी गेल्यावर नळ्या, योग्य गादी आणि मापाची चाकाची खुर्ची सरकारी खर्चाने मिळावी. अर्थसंकल्पात यासाठी स्वतंत्र तरतूद हवी. तुमच्या आमदाराला या अधिवेशनाआधी पत्र लिहा, आणि आपल्या जिल्ह्यात असा कक्ष आहे का, एवढं विचारा.