५२ निघाले, ११ परतले



आपल्या भोर-वेल्ह्याच्या शाळेत साहसी प्रवासावर पुस्तक लिहिणारा पाहुणा आला की मुले हरखून जातात. त्यात दक्षिण ध्रुव आणि कुत्र्यांची स्लेजगाडी असली, तर विचारूच नका! पण त्या कुत्र्यांचे पुढे काय झाले, हेही पाहुण्याने सांगावे का?

रोआल्ड आमुंडसेन ऑक्टोबर १९११ मध्ये चार सोबती व ५२ कुत्रे घेऊन निघाले. १४ डिसेंबरला ध्रुव गाठला. जानेवारी १९१२ मध्ये तळावर परतली ती पाचही माणसे. कुत्रे मात्र ११. पठारावर चढताच २४ कुत्रे मारले होते. त्यांचे मांस माणसांनी खाल्ले, उरलेल्या कुत्र्यांनीही. हा हिशेब निघण्याआधीच मांडलेला होता. आमुंडसेन यांनी तो पुस्तकात लपवला नाही. त्या मुक्कामाचे नावच ‘खाटीकखाना’ पडले.

आम्हांला वाटते, सांगावे. माणसांनी धोका आपखुशीने पत्करला. कुत्र्यांना कोणी विचारले? लहानग्यांपुढे रक्ताचे वर्णन नको, पण आकडा झाकू नये.

राजगडाहून तोरण्याकडे निघालेल्यांमागे कधी गडावरचा कुत्रा येतो. बिस्किटासाठी दिवसभर चालतो. संध्याकाळी गाडी सुटते, तो रस्त्यावरच उभा. मुले त्याच्याबद्दलही विचारतील.