मावशींची नोंद

जालना जिल्ह्यातल्या परतूरच्या एखाद्या खासगी दवाखान्यात ज्यांनी पेशंटच्या उशाशी रात्र काढली आहे, त्यांना तिथला रात्री बारानंतरचा कारभार ठाऊक आहे. डॉक्टर घरी असतात, निरोप गेला की येतात. सिस्टर एकच असते आणि ती सलाईन, इंजेक्शनांत गुंतलेली असते. पेशंटला उठवून बसवणं, कूस बदलणं, पॉट देणं, लघवीची पिशवी रिकामी करणं, ओली चादर काढणं ही सगळी कामं मावशी करतात. म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर नवा डाग उठला किंवा त्याने दोन दिवस नीट खाल्लं नाही, तर ते सर्वांत आधी त्यांनाच कळतं.

या दवाखान्यातल्या डॉक्टरांचं नाव मेडिकल कौन्सिलच्या नोंदवहीत आहे, सिस्टरचं नर्सिंग कौन्सिलच्या. गोळ्या मोजून देणाऱ्या फार्मासिस्टचीही नोंद असते. मावशींचं नाव असलंच तर पगाराच्या वहीत. शासनाच्या लेखी त्यांच्या कामाला ना शिक्षण लागतं, ना परीक्षा.

हे बदललं पाहिजे. मावशींना रीतसर शिकवलं पाहिजे, त्यांची परीक्षा झाली पाहिजे आणि हातात दाखला पडला पाहिजे. मात्र या नियमाचा भार त्यांना कामावर ठेवणाऱ्याने उचलावा. तो मावशींच्याच डोक्यावर आला, तर वीस वर्षं हे काम करणारी बाई घरी बसेल आणि तिच्या जागी कागद असलेली, पण हात न बसलेली मुलगी येईल.

आपला कायदा जुना आहे. खासगी रुग्णालयांची नोंदणी राज्यात अजून 1949च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्यानुसार होते. रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्यांमध्ये पात्र परिचारिकांचं योग्य प्रमाण असावं, असं तो सांगतो. म्हणजे उरलेली माणसं पात्र नसणार, हे त्याने गृहीतच धरलं आहे. त्यांनी किमान काय शिकलेलं असावं, यावर तो गप्प आहे. 2021मध्ये केंद्राने आरोग्यक्षेत्रातल्या इतर व्यावसायिकांसाठी नवा कायदा केला, पण त्यात शिरायला किमान 2000 तासांचं शिक्षण लागतं. मावशी त्याही दाराबाहेर राहिल्या. वृद्धाश्रम आणि घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी व्हावी, त्यांचा किमान दर्जा ठरावा, यासाठी डिसेंबर 2019मध्ये ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक संसदेत आलं. ते मंजूर झालंच नाही.

शिक्षण नसलं की काय होतं, ते मी माझ्या आत्याच्या खाटेशेजारी पाहिलं. तिला लकवा मारला आणि डावी बाजू गेली. दवाखान्यातल्या मावशी जीव लावून करायच्या, पण तिला उठवताना लुळा हात धरून ओढायच्या. लकव्यात खांद्याचे स्नायू सैल पडतात. हात ओढला की सांधा जागचा सरकतो आणि ते दुखणं महिनोन्महिने पुरतं. आत्याला बोलता येत नव्हतं, फक्त डोळ्यांतून पाणी यायचं. पुढे माकडहाडावर लाल चट्टा दिसला, तेव्हा मावशींनी स्पिरिट लावून तो चोळला आणि वर पावडर टाकली. पूर्वी असंच करत. आता लाल झालेली जागा चोळू नये असं शिकवतात, कारण दाबाने आधीच दुखावलेल्या आतल्या पेशी चोळण्याने आणखी फाटतात. एका रात्री पाळीवर आलेल्या वयस्क सिस्टरने मावशींना बोलावलं. पाठीपासून मांड्यांपर्यंत आडवी दुमडलेली चादर घातली, दोघींनी दोन बाजूंनी ती धरली आणि आत्याला न घासता उचलून वर सरकवलं. मग कुशीवर वळवून पाठीला उशी, दोन गुडघ्यांमध्ये उशी आणि टाचा अधांतरी राहतील अशी घडी पोटऱ्यांखाली. सगळं पंधरा मिनिटांत झालं. त्यानंतर मावशींनी आत्याला कधीही हात धरून ओढलं नाही.

माया त्यांच्यात पहिल्यापासून होती. कमी होती ती पंधरा मिनिटं शिकवणाऱ्या माणसाची.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची निगा किती उंचीवर जाऊ शकते, हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग नोव्हेंबर 1973 ते मे 2015 अंथरुणावर होत्या. 2011मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्यांच्या दयामरणाचा खटला चालला, तेव्हा इतक्या वर्षांत त्यांना एकही बेडसोर झालेला नाही, ही गोष्ट न्यायालयासमोर आली. यात चमत्कार कसला? पाळीमागून पाळी, दर दोन तासांनी कूस बदलणाऱ्या हातांचं ते काम आहे. ते शिकवता येतं आणि शिकलेलं तपासताही येतं.

अमेरिकेने हे तपासणं कायद्यात आणलं. तिथल्या वृद्धांच्या नर्सिंग होममधल्या हेळसांडीवर मोठी ओरड झाली आणि 1987मध्ये संसदेने कायदा केला: मावशींसारख्या सहायकाला किमान 75 तासांचं शिक्षण, त्यातले 16 तास देखरेखीखाली प्रत्यक्ष हाताने काम, नंतर दरवर्षी किमान 12 तासांची उजळणी. काही राज्यांनी तास याहून खूप वाढवले. या नियमांतल्या तीन तरतुदी आपल्याकडे फारशा कोणी सांगत नाही, आणि मला त्याच सर्वांत मोलाच्या वाटतात. नर्सिंग होमने कामावर घेतलेल्या बाईकडून शिक्षणाचा किंवा परीक्षेचा एक पैसाही घ्यायचा नाही. परीक्षा लेखी द्यायची की तोंडी, हे तिने ठरवायचं, हाताची परीक्षा मात्र सगळ्यांना. आणि शक्य असेल तिथे परीक्षा तिच्या कामाच्याच जागी घ्यायची. शिवाय राज्याच्या नोंदवहीत तिचं नाव येतं. तिने पेशंटला मारहाण केली असेल तर तेही तिथे नोंदलं जातं, पण आधी तिची बाजू ऐकून घेऊन.

सगळं तिथेही सुरळीत नाही. दाखला असूनही या बायकांचा पगार तुटपुंजाच राहिला. करोनात माणसं कमी पडली तेव्हा तिथल्या केंद्र सरकारने अट सैल केली आणि आठ तासांच्या ऑनलाइन शिक्षणावर माणसं कामाला लागली. जून 2022मध्ये ती सवलत संपवावी लागली. आपल्याकडेही जून 2021मध्ये एक लाख आरोग्यसेवक तयार करण्यासाठी दोन-तीन महिन्यांचे अभ्यासक्रम सुरू झाले होते. संकट आलं की सरकारला या हातांची आठवण होते.

कौशल्य विकास योजनेत 'जनरल ड्युटी असिस्टंट' नावाचा अभ्यासक्रम आहे. तो वाईट नाही. पण त्याला साधारणपणे दहावी लागते आणि वर्गाला हजर राहावं लागतं. परतूरच्या मावशींची शाळा चौथीत सुटलेली असते. दिवसाची मजुरी बुडवून त्या जालन्याला कशा जाणार, आणि नापास झाल्या तर नोकरीचं काय?

कमी शिकलेल्या बायकांना हे जमणार नाही, असं म्हणणाऱ्यांनी जामखेडला जाऊन यावं. 1970मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे यांनी तिथे काम उभं केलं, ते गावागावांतल्या, बहुतेक निरक्षर बायकांच्या बळावर. त्या आठवड्याला जामखेडला यायच्या, शिकायच्या, गावात अडलेलं सांगायच्या आणि पुन्हा शिकायच्या. बाळंतपणं त्यांनी केली, कुष्ठरोगी शोधले, पोरांचे जुलाब थांबवले. तिकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आरोग्यदूतांना नवजात बाळाची काळजी शिकवली, आणि बालमृत्यू किती घटले ते 1999मध्ये 'लॅन्सेट'मधून जगापुढे आलं. या दोन्ही ठिकाणी शिक्षण एकदाच उरकून टाकलं नाही आणि शिकवणारा त्यांच्या पाठीशी कायम राहिला.

आता परतूर तालुक्याचं बघा. दसऱ्यानंतर गावं उसतोडीला निघतात, शिकलेली पोरं पुण्याला नाहीतर संभाजीनगरला असतात. आष्टीत, वाटूरला, वाड्यावस्त्यांवर म्हातारी माणसं मागे राहतात. इथल्याच काही बाया पुण्यात नर्सिंग ब्युरोमार्फत बारा तासांच्या ड्युटीवर जातात. तिथे ब्युरो आपला हिस्सा कापून घेतो आणि बाईला 'ट्रेन्ड' म्हणून घरात पाठवतो, तो शब्द तपासायची सोय कोणालाच नाही. 2024मध्ये राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याला दहा हजार कुशल माणसं पुरवण्याची योजना आणली. त्यात आजारी आणि वृद्धांची सेवा करणारेही आहेत, आणि त्यांना जर्मन शिकवण्याचीही तयारी आहे. आपल्या पोरांना परदेशात मानाचं काम मिळत असेल तर आनंदच आहे. पण जर्मनीतल्या म्हाताऱ्यांसाठी जे सरकार हे करू शकतं, त्याला आष्टीच्या म्हातारीसाठी परतूरमध्ये एक वर्ग चालवणं अवघड नाही.

त्यासाठी नवी इमारत लागत नाही. परतूरचं ग्रामीण रुग्णालय आहे, तिथे अनुभवी सिस्टर आहेत. आठवड्यातून एक दुपार, दोन खाटा, आणि समोर शहरातल्या सगळ्या खासगी दवाखान्यांतल्या मावशी. नळीतून भरवताना डोकं वर किती ठेवायचं, लघवीची पिशवी खाटेच्या खाली का लटकवायची, हात कधी आणि कसे धुवायचे, ठसका लागला तर काय करायचं, हे करून दाखवायचं आणि करून घ्यायचं. सहा महिन्यांनी परीक्षा तोंडी आणि हाताची, तीही त्या काम करतात त्याच दवाखान्यात. दाखला मावशींच्या स्वतःच्या नावाचा, ब्युरोच्या किंवा डॉक्टरांच्या कपाटात राहणारा नाही. दाखला मिळाला की किमान वेतनातली पायरी अकुशलवरून वर गेली पाहिजे. आणि नोंदणीचं नूतनीकरण करायला आलेल्या दवाखान्याला पहिला प्रश्न हा विचारला जावा, की तुमच्याकडच्या किती मावशी शिकल्या, त्यांची फी कोणी भरली आणि त्या दुपारची मजुरी कापली का.